त्रेचाळीस नंबरच्या दोघी

मुलाणी मॅडमची आणि माझी पहिली भेट हात धुण्यावरून झाली.

नसरापुरात चौकापासून चार घरं आत त्यांचं राहतं घर होतं. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. माझं भोरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याआधी दहाएक वर्षं मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत होतो. नव्वदचं दशक संपत आलं तसे आमच्या भागात कॉम्प्युटर दिसायला लागले, आणि मी पुण्यात एका दुकानात सहा महिने राबून तो धंदा शिकून आलो. मॅडमच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर बंद पडला म्हणून मला बोलावणं आलं. मी पिशवी घेऊन सरळ टेबलाकडं निघालो, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "आधी हात."

मला काही कळेना.

"हात धुवा. तिकडं नळ आहे. कोपरापर्यंत धुवा."

धुतले. मॉनिटर बसवला, पिशवी उचलली, तर पुन्हा तोच आवाज, "हात."

"मघाशी धुतले की मॅडम."

"मघाशी माझ्या कामासाठी धुतले. आता तुमच्या घरच्यांसाठी धुवा. या टेबलावर काय काय सांडलेलं असतं, तुम्हाला माहीत नाही."

तेव्हा त्या बाहेर आल्या. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं किरकोळ, सुती साडीवर पांढरा कोट, चष्म्याला काळा दोरा. मी हात पुसेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि मगच आत गेल्या.

पुढं मी तिथं बराच जायला लागलो आणि त्यांच्या एकेक रीती मला कळत गेल्या. मायक्रोस्कोपखाली पेशी मोजताना त्या पुटपुटत मोजायच्या. त्या वेळी कुणी बोललं तर त्या रागवायच्या नाहीत, नुसता डावा तळवा वर करायच्या आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायच्या. त्यामुळं घरातला टीव्ही दुपारी दोनपर्यंत बंद असायचा. रक्त काढायच्या आधी बाईला तिचं माहेर विचारायच्या आणि ती सांगत असतानाच सुई आत-बाहेर झालेली असायची. एखादा आकडा नेहमीपेक्षा वेगळा आला तर तपासणी पहिल्यापासून पुन्हा. "यंत्रावर माझा राग नाही," म्हणायच्या, "पण डोळ्यानं बघितल्याशिवाय मी सही करत नाही." त्यांच्याकडं रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं विजेवर चालणारं यंत्र होतं. तरी जुनी डबी त्यांनी टाकली नव्हती. त्या डबीत दोन तपकिरी काचा आणि मधे नळी उभी करायची जागा होती. वीज गेली की त्या ती डबी घेऊन खिडकीत उभ्या राहायच्या आणि रंगाशी रंग जुळवायच्या.

बाहेरच्या खोलीत त्यांचे सासरे, इब्राहिमचाचा, बसायचे. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. ते पेशंटची नावं लिहून नंबर द्यायचे आणि गावाच्या नावानं हाक मारायचे, "चला, सारोळे कोण? पुढं या! पासली, मागं थांबा!" कुठल्या गावची गाडी किती वाजता सुटते हे त्यांना तोंडपाठ होतं. गाडी गाठून द्यायची म्हणून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. मॅडमचे पती शिरवळला कारखान्यात कामाला, ते सकाळी निघून जायचे. म्हणजे लॅब चालवायची ती या दोघांनी, सून आणि सासऱ्यांनी.

कॉम्प्युटर आधी एकच होता, बाहेर चाचांपाशी. मॅडम आतून आकडे ओरडून सांगायच्या आणि चाचा एका बोटानं टाईप करायचे. एकदा एका लग्न न झालेल्या मुलीचा रिपोर्ट मॅडमनी असाच आतून सांगितला. ओसरीवर वीस माणसं बसलेली होती. त्यांत तिच्या गावची दोन. मुलगी उठली आणि रिपोर्ट न घेताच निघून गेली. त्या दिवसानंतर मॅडम एकदाही ओरडल्या नाहीत. प्रत्येक आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, स्वतः बाहेर आणून द्यायच्या. दिवसातून पन्नास वेळा उठायचं. शेवटी त्यांनी मला बोलावलं.

"जगतापभाऊ, आत एक कॉम्प्युटर बसवा. मी आत आकडा टाकला की बाहेर अब्बांकडं छापून आला पाहिजे. मधे कुणाच्या कानावर जायला नको. होतं का असं?"

"होतं की. नेटवर्क म्हणतात त्याला."

मी तोवर घरात नेटवर्क कुणाकडंच बसवलं नव्हतं. ते त्यांना सांगितलं नाही.

त्या काळात काळ्या गोल तारेवर हे काम चालायचं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागं तीन तोंडांचा एक जोड, आणि तारेच्या दोन्ही टोकांना टोपणं. त्यातला एक जोड जरी ढिला झाला तरी सगळं बंद. भिंतीला भोक पाडायचं तर मॅडमनी मला रविवारची दुपार दिली. सगळी यंत्रं ओल्या फडक्यांनी झाकली, आणि मी भोक पाडून झाल्यावर तीन तास स्वतः खोली पुसली. सोमवारी सकाळी टेबलावर बोट फिरवून बघितलं, बोटाला धूळ लागली, तर पेशंटना परत पाठवून पुन्हा पुसायला बसल्या.

रिपोर्टचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. बाहेर आलेल्या पेशंटला चाचा नंबर देणार. डॉक्टरांकडून नळीत आलेल्या रक्ताला मॅडम आत नंबर देणार. नंबरांची मोजदाद बाहेरच्या कॉम्प्युटरवर. मॅडमनी बारकाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मधली तार निसटली तर?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. "तरी काम अडणार नाही मॅडम. तसं केलंय मी. तार निसटली तर आतला कॉम्प्युटर स्वतःचे नंबर पुढं चालू ठेवतो."

त्या जरा थांबल्या. "मग बाहेर आणि आत एकच नंबर दोघांना नाही का पडणार?"

"तार जुळली की सगळं आपोआप सरळ होतं," मी म्हणालो.

हे मी करून बघितलं नव्हतं. होईल असं मला वाटत होतं, एवढंच. पण त्यांच्यासमोर 'बघून सांगतो' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आकडे टाकायचा पडदाही मी सुटसुटीत केला होता. नंबर टाकायचा, आकडा टाकायचा, झालं. नाव दिसायचंसुद्धा नाही. काम भरभर व्हायचं. मी त्यांना म्हणालोही, "आता ते लाल रजिस्टर बंद करा. दोनदा लिहायचं कशाला?" त्या म्हणाल्या, "बघू." आणि रजिस्टर चालूच ठेवलं. प्रत्येक पेशंटचं नाव, गाव, नंबर आणि आकडा. दुपारचं जेवण झालं की छापलेल्या रिपोर्टांशी एकेक ओळ ताडून बघायच्या. मला ते जुन्या वळणाचं वाटायचं.

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग तो दिवस आला. भाताची काढणी चालू होती. मी प्रिंटरची नवी वायर बसवायला सकाळीच गेलो होतो. टेबलाखाली वाकलो तर मागचा जोड निसटलेला. झाडताना केरसुणीचा धक्का लागला असावा. अर्धा-पाऊण तास तरी तार सुटलेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. मी जोड दाबून फिरवून घट्ट केला आणि आत डोकावून म्हणालो, "मॅडम, तार निघाली होती. पण बघा, काही अडलं का?"

त्या मायक्रोस्कोपवर होत्या. त्यांनी डावा तळवा वर केला.

त्या अर्ध्या तासात पासलीहून एक मुलगी आईबरोबर आली होती. सुनीता नाव. पहिलटकरीण, आठवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी रक्त बघून या म्हणून चिठ्ठी दिली होती. चाचांनी तिला नंबर दिला त्रेचाळीस. त्याच सुमारास सारोळ्याच्या एका डॉक्टरांकडून एका बाईचं रक्त नळीत आलं. मॅडमनी आत त्याला नंबर दिला. तोही त्रेचाळीस.

सव्वाबाराला चाचांची घालमेल सुरू झाली. पासलीची गाडी साडेबाराला. ती चुकली की डायरेक्ट संध्याकाळची मुक्कामी. त्यांनी त्रेचाळीस नंबर छापायला टाकला. हिमोग्लोबिन अकरा पॉइंट सहा. छापलेल्या रिपोर्टवर बाजूलाच लिहिलेलं असायचं, किती असावं ते.

"चांगलं हाय का वं?" आईनं विचारलं.

"झकास आहे! निघा बिगीबिगी, गाडी लागलीय."

माय-लेकी गेल्या. मुलगी ओसरीच्या पायऱ्या उतरताना मधेच थांबली आणि खांबाला धरून श्वास घेतला, हे मी बघितलं होतं. आठवा महिना आहे, थकणारच, असं मनाशी म्हटलं.

तीनच्या सुमारास मॅडम रजिस्टर घेऊन बसल्या. मी बाहेर चाचांशी बोलत होतो. आतून हाक आली, अगदी हळू. "जगतापभाऊ, जरा या."

त्यांचं बोट एका ओळीवर होतं. "हे बघा. त्रेचाळीस." त्यांनी पान उलटलं. "हे पण त्रेचाळीस." पहिल्या ओळीत सुनीताचं नाव, पासली, आणि आकडा पाच पॉइंट दोन. दुसऱ्या ओळीत सारोळ्याच्या बाईचं नाव आणि अकरा पॉइंट सहा. "आणि छापलेल्या रिपोर्टांच्या प्रती या. दोन्हीवर अकरा पॉइंट सहा."

काय झालं ते मला लगेच कळलं. तार जुळल्यावर माझ्या प्रोग्रॅमनं एका नंबरावर दोघींना बसवलं होतं, आणि नंतर टाकलेला आकडा आधीच्या आकड्यावर चढला होता.

"पाच पॉइंट दोन म्हणजे..." मी विचारलं.

"म्हणजे तिच्या अंगात निम्मंसुद्धा रक्त नाही. घरी बाळंत झाली आणि थोडंसं जरी रक्त गेलं तरी ती हातची जाईल." त्या उठल्या. "आकडा बघून मी तिला आत बोलवणारच होते. पुढची स्लाईड संपवून. अब्बा! पासलीच्या मुलीला रिपोर्ट कुणी दिला?"

चाचा दारात आले. "म्या दिला. गाडी होती ना बेटा." मग आमची तोंडं बघून ते हळूहळू स्टुलावर बसले. "काय झालं?"

मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं. चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून बसले.

"पासलीत फोन?"

"दुकानात एक आहे," चाचा म्हणाले, "पण लाईन मेलीय आठ दिस झाले."

वेल्ह्याच्या डॉक्टरांकडं फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुपारी दवाखाना बंद असायचा. मॅडमनी तीनदा लावून बघितला आणि रिसीव्हर ठेवला. कपाटातून ती जुनी डबी काढली. दोन नळ्या, ऍसिडची बाटली, सुया, कापूस, पाण्याची छोटी बाटली, सगळं एका टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सकाळी चांगला म्हणून दिला. आता जाऊन वाईट म्हणायचं. ते का विश्वास ठेवतील?"

चौकात एकच जीप उभी होती. वेल्ह्याची सीटं भरून झालेली, ड्रायव्हर आणखी दोघांची वाट बघत होता. मॅडमनी त्याला पासलीला नेशील का विचारलं. तो म्हणाला, भरलेली सीटं उतरवता येत नाहीत. तेवढ्यात चाचा उघड्या डोक्यानं, अनवाणी तिथं पोचले. जीपच्या दारात उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "ही गाडी रद्द! खाली उतरा! मागची गाडी येतीय!" आणि माणसं खरंच उतरली. ड्रायव्हर बघतच राहिला. एरवी मी हसलो असतो.

चाचा मागं थांबले, मी आणि मॅडम निघालो. रस्त्यात भाताचे भारे लादलेल्या बैलगाड्या आडव्या येत होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि मॅडम खिडकीतून बाहेर बघत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. मला राहवेना.

"मॅडम, चूक माझी—"

"आत्ता नको."

तोरणा डाव्या-उजव्या हाताला दिसत, लपत राहिला. वेल्ह्याला थांबून दवाखाना बघितला, कुलूप होतं. तिथून पुढं रस्ता कच्चा. मॅडमनी दोन-तीनदा घड्याळ बघितलं, पण त्यांचं लक्ष उन्हाकडं होतं हे मला नंतर कळलं.

पासलीत पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. घर सापडायला वेळ लागला नाही. सुनीताची आई अंगणात भात वाळत घालत होती. आम्हाला बघून हरखली. "आवो ताई, तुमी? या की. सकाळी तुमच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, रिपोट झकास हाय म्हनून. म्या समद्या आळीला सांगून आले."

मॅडम अंगणातच उभ्या राहिल्या. "मावशी, तो रिपोर्ट चुकीचा आहे. सुनीताच्या अंगात रक्त फार कमी आहे. तिला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला पाहिजे."

आतून सुनीताचे वडील आले. उंच, उन्हात रापलेले, हातात विळा तसाच. "काय म्हनता? सकाळी चांगलं आन आता वाईट? कोन्तं खरं मानायचं आमी?"

"आत्ता सांगते ते."

"मशीन चुकलं का तुमचं?"

मी पुढं व्हायला हवं होतं. मी दोन पावलांवर उभा होतो. त्या माणसाच्या हातातल्या विळ्याकडं बघत मी तसाच उभा राहिलो.

"मशीन नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्या लॅबमधून चुकीचा रिपोर्ट गेला. माझी चूक आहे."

"मग आता सांगताय ते बी चुकीचं नसंल कशावरून? पोरीला उचलून पुन्याला न्यायचं, उद्या परत याल, म्हनाल बरं हाय." त्यांचा आवाज चढला तशी शेजारची माणसं कुडाशी येऊन उभी राहिली. "सुईन ठरवलीय आमी. माज्या आईची चार बाळंतपनं ह्याच घरात झाली."

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी पश्चिमेकडं बघितलं. ऊन डोंगराच्या कडेला टेकलं होतं. "मला तुमची दहा मिनिटं द्या. उजेड आहे तोवर. तुम्ही स्वतःच्या डोळ्यानं बघा. नाही पटलं तर मी निघून जाईन."

ओसरीच्या कडेला त्यांनी टॉवेल पसरला. सुनीता बाहेर आली. आईच्या खांद्याला धरून बसली. तिचे ओठ मातकट पांढरे होते, सकाळी ते माझ्या ध्यानात आले नव्हते. मॅडमनी दोन नळ्यांत ऍसिड घातलं. सुनीताच्या बोटातून एक थेंब ओढून पहिल्या नळीत सोडला.

"आता तुमचं बोट द्या," त्या वडिलांना म्हणाल्या.

"माजं? माजं कशाला?"

"द्या तर."

त्यांनी विळा खाली ठेवला. नवी सुई, दुसरा थेंब, दुसरी नळी. मग थांबायचं. ऍसिडमध्ये रक्त काळपट-तपकिरी व्हायला वेळ लागतो. अंगणात दहा-बारा माणसं जमलेली. मॅडम घड्याळाकडं बघत होत्या आणि सावली अंगण ओलांडून ओसरीकडं सरकत होती.

"बघा आता," त्यांनी डबी पश्चिमेकडं धरली. बाजूच्या दोन काचा आणि मधे वडिलांची नळी. "ही काच आणि तुमची नळी सारखी दिसेपर्यंत मी पाणी घालणार. जेवढं जास्त पाणी मावेल तेवढं रक्त जास्त." त्या थेंब थेंब पाणी घालत गेल्या. नळी गडद ती गडदच. पाणी चढत चढत वरपर्यंत गेलं तेव्हा कुठं रंग जुळला.

"आता पोरीची."

सुनीताच्या नळीत त्यांनी काही थेंब घातले आणि थांबल्या. रंग आधीच जुळला होता. आणखी एक घातला, तर नळी काचेपेक्षा फिकी दिसायला लागली. त्यांनी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरल्या. एक जवळजवळ भरलेली. दुसरी निम्म्याच्याही खाली.

वडील वाकून बघत होते. त्यांनी दोनदा डोळे मिटून उघडले. "हे एवढंच हाय तिच्यात?"

"एवढंच."

त्यांनी मान वळवली. बायकोला म्हणाले, "लुगडं भर तिचं. चल."

जीपमध्ये सुनीताला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं आईच्या मांडीवर. वडील पुढं बसले. मॅडम पायांपाशी, खाली फळीवर बसून राहिल्या, हाताची बोटं मुलीच्या मनगटावर. पूर्ण वाटभर त्यांनी ती बोटं काढली नाहीत. खड्डा आला की ड्रायव्हरला नुसतं "हळू" म्हणायच्या. मधेच सुनीतानं विचारलं, "ताई, बाळ हाय का नीट?" मॅडमनी विचारलं, "लाथा मारतंय का?" ती म्हणाली, "व्हय, लई." "मग त्याची काळजी करू नको, त्याला तुझी काळजी आहे." ती एवढंसं हसली.

वेल्ह्याला आता डॉक्टर भेटले. त्यांनी हातानं चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही थेट पुण्याचा सरकारी दवाखाना गाठला. त्याच रात्री तिला रक्त चढवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मॅडमची डबी बघितली आणि विचारलं, "अजून वापरता ही?" मॅडम म्हणाल्या, "आज वापरली."

तीन आठवड्यांनी सुनीता तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपणात रक्त गेलंच, बरंच गेलं, पण बाटल्या तयार होत्या.

पासलीहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी नसरापूरला गेलो होतो ते मार खायच्या तयारीनं. मॅडमनी लॅब बंद ठेवली होती. टेबलावर लाल रजिस्टर आणि पंधरा दिवसांच्या रिपोर्टांच्या प्रती. मला म्हणाल्या, "बसा. मी नाव वाचते, तुम्ही छापलेला आकडा वाचा." दुपारपर्यंत वाचत होतो. आणखी एक चूक सापडली, तीही कालचीच, ताडून बघायच्या राहिलेल्या ओळींतली. करंजावण्याच्या एका म्हाताऱ्याची साखर. मॅडम लगेच चाचांना घेऊन त्याच्या घरी गेल्या आणि परत रक्त घेऊन आल्या.

संध्याकाळी त्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि स्केचपेननं लिहायला लागल्या. 'गेल्या पंधरा दिवसांत इथून दिलेल्या दोन रिपोर्टांत चूक झाली. दोन्ही पेशंटना कळवले आहे. कुणालाही शंका असल्यास पुन्हा तपासून देऊ.' खाली सही.

चाचांनी वाचलं आणि हादरले. "रेहाना, हे दारावर लावू नको. कोण येईल मग हितं? दोघांना सांगितलं, झालं की. चारी गावांत बोंब कशाला?"

"अब्बा, आणखी कुणाचा आकडा आपल्याकडून दुसऱ्याच्या नावावर गेला असेल आणि रजिस्टरमध्येच मी चुकले असेन तर?"

"तू चुकत न्हाईस."

"परवा मी पण असंच म्हणाले असते."

चाचा उठून आत गेले. मॅडम पुठ्ठा वाळवत बसल्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. काल पासलीच्या अंगणात जे बोलायला हवं होतं ते आता बोललो. की त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, आणि मी करून न बघता हो म्हणालो होतो. त्यांनी ऐकून घेतलं. 'काही हरकत नाही' वगैरे म्हणाल्या नाहीत. त्यांना हरकत होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. स्केचपेन माझ्यापुढं केलं.

मी त्यांच्या सहीखाली लिहिलं, 'चूक कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमची होती. तो मी केला होता.' आणि माझं नाव, भोर.

पुठ्ठा महिनाभर दारावर होता. नसरापूरच्या एका डॉक्टरांनी त्यांच्याकडं पेशंट पाठवणं थांबवलं ते कायमचं. ओसरीवर सकाळी वीस माणसं असायची तिथं पाच-सहा दिसायला लागली. माझ्याकडची भोरच्या एका पतसंस्थेची ऑर्डर गेली. लोक म्हणायचे, मॅडमनी उगाच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. वर्षभर त्यांचं कठीण गेलं. पण वेल्ह्याकडची माणसं येत राहिली, पासलीची तर सगळीच. पुढं हळूहळू इतरही आली. सगळी नाही.

नेटवर्क त्यांनी काढून टाकलं नाही. मला वाटलं होतं काढतील. त्यांनी मला एकच बदल सांगितला. "तार निसटली तर सगळं बंद पडू दे. दोन्ही कॉम्प्युटर. मोठ्यानं ओरडू दे त्यांना." मी तसं केलं. मग आठ दिवस स्वतः तार सोडून, जोडून, पुन्हा सोडून बघत बसलो. पडद्यावर नंबराबरोबर नाव आणि गावही आणलं. काम मंदावलं. मॅडमना ते चाललं.

काही वर्षांनी हायवेवर मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटरं आली. मॅडमचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि घर तिकडं हललं. नसरापूरची लॅब बंद झाली. त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं.

त्या वर्षी त्या आणि त्यांचे पती हजला निघाले होते. त्यांच्यात निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाकडं जाऊन माफी मागून घ्यायची रीत असते. मला ते माहीत होतं, पण त्यासाठी पुण्याहून भोरपर्यंत त्या एसटीनं येतील असं वाटलं नव्हतं. दुपारची वेळ, दुकानात मी एकटा. पायरीवर उभ्या. केस बरेच पांढरे झालेले, कोट नव्हता, त्यामुळं मला ओळखायला क्षणभर वेळ लागला.

"जगतापभाऊ, निघाले मी. कधी बोलण्या-चालण्यात काही दुखावलं असेल तर माफ करा."

मी उठून उभा राहिलो. या बाईनं माझ्याकडं माफी मागावी हे मला सहन होईना. "मॅडम, तुम्ही काय..." म्हणून मी हसायला लागलो.

त्या तशाच उभ्या राहिल्या. "हसू नका. तोंडानं म्हणायला लागतं."

"काही नाही हो मॅडम, माफ करण्यासारखं—"

"असेल. तुम्हाला आठवत नसेल. म्हणा."

"माफ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चहा घेता का म्हटलं तर नको म्हणाल्या, अजून बरीच घरं राहिलीत. मी दुकानाच्या दारात आलो. त्या रस्ता ओलांडून समोरच्या औषधाच्या दुकानाची पायरी चढल्या. तिथला मालक गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत त्या बाजूला थांबल्या, आणि तो वळला तसा त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.